वेशीबाहेरचा वाटसरू

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी महामारीचा विषय काढणे म्हणजे लग्नघरी औषधाची बाटली घेऊन जाण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. नाट्यसंगीत, संतवाङ्मय, शिवकाल हे विषय माझ्याहून अधिक अधिकारी वक्त्यांच्या वाट्याला गेले आणि ते योग्यच झाले. मी इतिहासाचा पंडित नव्हे. बी. ए. झालो, केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो आणि बदलीच्या हुकमामागोमाग प्रांतोप्रांती संसार हलवीत राहिलो. तेव्हा माझा थोडाफार अधिकार असलाच तर तो एकाच विषयावर आहे : परक्या गावात पाऊल टाकणारा माणूस. आपण सारेच कधी ना कधी तसे होतो. या माणसाची सर्वांत कठीण परीक्षा साथीच्या दिवसांत होते. म्हणून आज मी अशा एका वाटसरूविषयी बोलणार आहे, की ज्याच्या मागे रोग आहे, पुढे बंद वेस आहे आणि भोवती ओस पडलेला मुलूख आहे.

पाश्चात्त्य वाङ्मयात या वाटसरूची कथा पुष्कळदा आली आहे. मेरी शेली या लेखिकेने १८२६ साली ‘द लास्ट मॅन’ ही कादंबरी लिहिली. तीत महामारीने जग निर्मनुष्य होते आणि अखेर एकच माणूस उरतो. जॅक लंडनने १९१२ साली ‘द स्कार्लेट प्लेग’ लिहून तोच विषय आपल्या परीने हाताळला. त्या लेखकांना कल्पनेचे बळ लावावे लागले. आपल्या पणजोबांना ते कष्ट पडले नाहीत. त्यांनी ते सारे वेशीवर उभे राहून पाहिले होते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी एका रोग्याची गाठ तपासली आणि हा प्लेग आहे असे निदान केले. त्या काळची वृत्तपत्रे या रोगाला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत. लोक नुसते ‘गाठीचा रोग’ म्हणत. सुमारे साडेआठ लाख वस्तीच्या त्या शहरातून पुढील काही महिन्यांत निम्म्याच्या आसपास माणसे बाहेर पडली. गिरण्यांचे भोंगे वाजत, पण आत जायला कामगार पुरेसे नसत. कोकणात, देशावर, खानदेशात, जिथे ज्याचे गाव होते तिकडे तो निघाला. डोक्यावर वळकटी, हातात पितळी तांब्या आणि मनात एकच विचार : गावी पोचलो की सुटलो.

आणि गावी काय होते? गावी त्याच्या आधी बातमी पोचलेली होती. वेशीवर माणसे काठ्या घेऊन उभी होती. मुंबईहून आलेल्या माणसाला त्याचा सख्खा भाऊ लांबूनच विचारी, “बरा आहेस ना?” त्या प्रश्नात माया होती तितकीच भीती होती. कोणी शेतातल्या खोपटात राहिला, कोणी देवळाच्या ओवरीत, कोणी पुढच्या गावाला गेला आणि तिथेही त्याला तीच काठी दिसली.

पुढे रोग गावातच शिरला तेव्हा गावच वेशीबाहेर पडले. घरात ‘उंदीर पडला’ की चूल विझवून माळावर झोपड्या घालायच्या, ही रीत झाली. माझी आजी कुणाचे वय सांगताना ‘प्लेगच्या साली जन्मलेला’ असे म्हणे. इसवी सन तिला ठाऊक नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. त्या दिवसांत रस्त्याने जाणाऱ्या एकट्या माणसाला गावेच्या गावे अशी लागत, की घरांना कुलपे आहेत, गोठे मोकळे आहेत आणि विहिरीवर रहाट असून ओढणारे कोणी नाही. लांब माळावर धूर दिसे. परंतु त्या धुराकडे जावे तर कुत्र्याच्या आधी माणसे अंगावर येत.

या अविश्वासाचे एक रूप आपल्या धर्माचारातही होते. साथ आली की मरीआईचा गाडा काढीत. लाकडाचा छोटा गाडा, त्यात देवी, हिरवा चुडा, लिंबे, नैवेद्य. वाजत-गाजत तो गावच्या शिवेपर्यंत नेऊन ठेवीत. म्हणजे देवी गेली, रोग गेला. पण कुठे गेला? शेजारच्या गावाच्या हद्दीत. ते गावही मुकाट्याने पूजा करी आणि गाडा आपल्या पलीकडच्या शिवेवर नेऊन सोडी. त्या रीतीला मी हसत नाही. ज्यांच्याजवळ औषध नव्हते, त्यांनी निदान भीतीला एक वाट करून दिली होती. पण त्या गाड्यात एक कटू सत्य भरलेले आहे : संकट नाहीसे करता येत नसेल तर ते शेजाऱ्याच्या दारात ठेवावे, ही माणसाची फार जुनी खोड आहे. आपल्या या बंगळूर शहरातही जुन्या वस्त्यांतून प्लेग अम्मा, प्लेग मारम्मा या नावाची देवळे आजही आहेत. आपली मरीआई आणि इथली मारम्मा या बहिणीच आहेत.

सरकारने काय केले, हे सरकारी नोकराने सांगितले पाहिजे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा तो कायदा, पण त्याने अधिकाऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता दिली. रेल्वेच्या ठाण्यांवर उतारू खाली उतरवून त्यांच्या काखा-जांघा तपासू लागले. स्त्रियांचीही चारचौघांत तपासणी होई. मद्रास इलाख्यात साथीच्या गावाहून येणाऱ्याला एक पास देत आणि तो घेऊन त्याने ठराविक दिवस रोज अंमलदारापुढे हजेरी लावायची असे. पुण्यात रँड साहेबाच्या हाताखाली आठशेंहून अधिक शिपाई घरोघर झडती घेत फिरले. रोगी इस्पितळात, घरचे लोक ‘सेग्रिगेशन’च्या छावणीत, आणि सामान रस्त्यावर. इस्पितळात नेऊन माणसांची ‘मोमियाई’ काढतात, अशी अफवा मुंबईत पसरली. १८९६ च्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. तो इतिहास आपणांस पाठ आहे.

मला येथे एवढेच सांगावयाचे आहे, की रोग्याला वेगळे ठेवणे हा विचार मुळात चुकीचा नव्हता. लोक स्वतःच माळावर जाऊन राहत होते, ते तरी काय होते? फरक असा, की माळावर माणूस आपल्या माणसांसह जाई आणि छावणीत तो एकटा जाई. घरात लपविलेले प्रेत, गादीखाली दडविलेला रोगी, तपासनीस येण्यापूर्वी मागच्या दाराने पळालेले कुटुंब, हे सारे जबरदस्तीचे पीक होते.

या साऱ्या धामधुमीत एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात नव्हती. या गाठीच्या रोगाचा खरा वाहक तो बिचारा वाटसरू क्वचितच असे. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने प्रयोग करून दाखविले, की उंदराच्या अंगावरची पिसू रोग पसरविते. त्याचे म्हणणे कित्येक वर्षे कोणी मनावर घेतले नाही. पुढे मुंबईत झालेल्या संशोधनाने ते खरे ठरले. म्हणजे तपासणी माणसाच्या काखेची चालली होती, आणि पिसू मात्र धान्याच्या पोत्यातून, कपड्यांच्या गाठोड्यातून, उंदरांच्या संगतीने बिनबोभाट पुढच्या गावी जात होती. संशय माणसावर, गुन्हा पिसवेचा. साथीच्या काळातील अविश्वास असा बहुधा भलत्याच दारावर जाऊन बसतो.

आता ज्या वाटसरूसाठी मी हा विषय घेतला, त्याच्याकडे वळतो. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन. १८६० साली रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे एका ज्यू घराण्यात जन्मलेला हा माणूस. ज्यू असल्यामुळे मायदेशी त्याला वाव नव्हता. तो पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत गेला. तेथे त्याने पटकीवर लस तयार केली आणि १८९२ साली ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ साली तो कलकत्त्यास उतरला. सरकारच्या दृष्टीने तो रशियन, म्हणून संशयास्पद. लोकांच्या दृष्टीने तो गोरा, म्हणून अधिकच संशयास्पद. वैद्यकीय पदवी नसल्याने डॉक्टर मंडळींनाही तो उपराच. बायको-मुले नाहीत. अशा अवस्थेत हा माणूस दोन-अडीच वर्षे उत्तर हिंदुस्थानात आणि बंगालमध्ये गावोगाव, छावण्या-छावण्यांतून, चहाच्या मळ्यांतून हिंडला आणि त्याने चाळीस हजारांवर लोकांना पटकीची लस टोचली. कलकत्त्याच्या एका वस्तीत लोक दगड घेऊन आले, तेव्हा त्याने वाद घातला नाही, पोलीस बोलाविले नाहीत. सर्वांदेखत आपल्याच अंगात सुई टोचून घेतली.

मुंबईत प्लेग सुरू होताच त्याला तेथे बोलावून घेतले. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या लहानशा जागेत, मोजक्या मदतनिसांसह, तीन महिन्यांत त्याने प्लेगची लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने नेहमीच्या मात्रेहून पुष्कळ मोठी मात्रा स्वतःला टोचून घेतली. ताप चढला, वेदना झाल्या. त्याने त्या टिपून ठेवल्या. त्यानंतरच त्याने दुसऱ्याचा दंड मागितला. पुढे आगाखानांनी त्याला जागा दिली, स्वतः लस घेतली आणि आपल्या अनुयायांना घ्यावयास सांगितले. एकाने दंड पुढे केला की त्याच्यामागे हजारांचे दंड पुढे येतात. आधी मात्र कोणीतरी पहिला व्हावे लागते.

या लशीची खेड्यातील एक कसोटी सांगितली पाहिजे. बडोद्याजवळ उंधेरा नावाचे गाव आहे. १८९८ च्या आरंभी तेथे प्लेग असताना हाफकिनने गावकऱ्यांना कुटुंबवार एकत्र केले आणि प्रत्येक घरातील सुमारे निम्म्या माणसांना लस टोचली. काही आठवड्यांनी अधिकारी पुन्हा गेले आणि त्यांनी मोजदाद केली. रोग २८ कुटुंबांत शिरला होता. त्या घरांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ३ दगावले होते. न घेतलेल्या ६४ जणांपैकी २६.

शास्त्राच्या दृष्टीने हे आकडे बिनतोड आहेत. पण मी आयुष्यभर तक्ते भरले आहेत, म्हणून सांगतो : तक्त्यातील आकड्याजवळ क्षणभर थांबले पाहिजे. एकाच छपराखाली, एकाच ताटवाढीची माणसे. थोरल्याला सुई मिळाली, धाकट्याला मिळाली नाही. २६ हा आकडा ज्या घरांत पडला, त्या घरांतील वाचलेल्यांनी पुढे काय विचार केला असेल? आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. तरीही हेही खरे, की त्या २६ जणांच्या मरणाने जो पुरावा दिला, त्याच्या बळावर पुढे लक्षावधी लोकांपर्यंत लस पोचली. त्यात हुबळी-धारवाडकडील हजारो लोक होते. विज्ञानाचेही देणे असते, आणि ते कुठल्याशा उंधेऱ्याला आपण अजून लागतो.

हाफकिनच्या वाट्याला आलेला सर्वांत मोठा अविश्वास खेडुतांचा नव्हता. तो कचेरीचा होता. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली आणि त्यांतील १९ जण धनुर्वाताने मेले. ते सर्व एकाच बाटलीतील लस घेतलेले. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काही झाले नाही. चौकशी मंडळाने ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिनला संचालकपद सोडावे लागले आणि तो देशाबाहेर गेला. बाटली उघडताना गावी चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही बाब त्याच कागदपत्रांत होती. पण ती योग्य त्या ठिकाणी वाचली गेली नाही. १९०७ साली रोनाल्ड रॉस आदी नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून जाहीर पत्र लिहिले, तेव्हा कुठे त्याच्यावरील किटाळ दूर झाले. तो पुन्हा हिंदुस्थानात आला, कलकत्त्यास काही वर्षे राहिला, पण मधली पाच वर्षे परत मिळाली नाहीत. १९२५ साली परळच्या त्या प्रयोगशाळेला त्याचे नाव दिले गेले. १९३० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे तो एकाकी वारला. फायलीवरचा एक शेरा माणसाला किती दूर पाठवू शकतो, हे माझ्या व्यवसायबंधूंनी यातून घ्यावे.

हाफकिन गोरा होता, त्याच्या हाती लस होती. ज्यांच्या हाती तीही नव्हती अशांपैकी एक नाव आपल्या घरचेच आहे. पुण्याजवळ हडपसर परिसरात सावित्रीबाई फुले यांनी डॉक्टर यशवंतच्या साहाय्याने रोग्यांसाठी दवाखाना चालविला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला, ज्याच्या जवळ जायलाही कोणी धजत नव्हते, त्यांनी स्वतः उचलून आणले. मुलगा वाचला, १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई त्याच रोगाने गेल्या. दगड-शेण झेललेल्या त्या बाईने अविश्वासाला आयुष्यभर एकच उत्तर दिले होते, आणि शेवटचेही तेच दिले.

आता आपल्या बंगळूरकडे येऊ. पुण्याहून मिरज, बेळगाव, हुबळी, हरिहर असे करीत येथवर पोचणाऱ्या जुन्या रेल्वेचे नाव सदर्न मराठा रेल्वे असे होते. याच वाटेने मराठी कारकून, शिंपी, सराफ या शहरात आले. १८९८ च्या ऑगस्टमध्ये हुबळीकडून त्याच वाटेने प्लेगही आला. दाटीवाटीच्या पेठेत तो झपाट्याने पसरला. बाजार बंद झाला, माणसे गावाकडे पळाली. त्या साथीनंतर मोकळ्या हवेच्या, रुंद रस्त्यांच्या मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या वसाहती वाढीस लागल्या. आज आपल्यापैकी कितीतरी जण तेथे राहतात. संध्याकाळी तेथील झाडांखालून फिरताना आपण एका महामारीच्या आठवणीतून चालत असतो.

त्या वेळी येथील प्लेगच्या छावणीचा भार ज्यांनी वाहिला, त्यांत एक परगावचे डॉक्टर होते : पद्मनाभन पल्पू. त्रिवेंद्रमचे, एळवा जातीचे. मद्रासहून वैद्यकीची परीक्षा उत्तीर्ण होऊनही त्यांच्या स्वतःच्या त्रावणकोर संस्थानाने जातीमुळे त्यांना नोकरी नाकारली. म्हणून ते म्हैसूर संस्थानच्या चाकरीत आले. ज्या दिवसांत शहरातून जाणाऱ्यांची रीघ लागली होती, त्या दिवसांत हा बाहेरून आलेला माणूस छावणीत ठाण मांडून बसला. ज्याला आपल्या गावाने वेशीबाहेर ठेवले, त्याने दुसऱ्याच्या गावात वेशीबाहेर टाकलेल्यांची शुश्रूषा केली. परप्रांतात राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हे नाव आपल्या मुलांना सांगावे असे मला वाटते.

बंधुभगिनींनो, हा इतिहास संपला असे आपण धरून चाललो होतो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि त्याच १८९७ च्या कायद्याची कलमे पुन्हा बाहेर निघाली. महाराष्ट्रातील कित्येक गावांनी रस्त्यावर बाभळीचे फेस टाकले, चर खणले, ‘बाहेरच्यांना प्रवेश बंद’ असे फलक लावले. पायी निघालेल्या मजुराला पुन्हा तीच काठी दिसली. मे महिन्यात श्रमिक गाड्या सुटू लागल्या, त्या सुमारास कामानिमित्त गोंदिया भागातील एका सुतारकाम करणाऱ्या तरुणाशी माझी ओळख झाली. त्याचा दूरध्वनी क्रमांक मी घेऊन ठेवला होता. पंधरवड्यानंतर विचारपूस केली, तेव्हा तो म्हणाला, “साहेब, गावानं शाळेत ठेवलं होतं, चौदा दिवस. शाळेत एकट्यानं झोपायचं भय नव्हतं वाटत. पण आशाताई रोज सांजच्याला यायच्या, कुंपणाबाहेर दगडावर बसून घटकाभर बोलायच्या, म्हणून दिवस गेले.”

मला जे सांगावयाचे होते ते त्या मुलाने दोन वाक्यांत सांगितले. वेस बंद करावी लागते. रोगच तसा असतो. पण वेस बंद करणे आणि माणूस तोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंद वेशीच्या बाहेर कोणी जाऊन बसते की नाही, यावर त्या गावाची परीक्षा होते. हाफकिन जाऊन बसला, सावित्रीबाई गेल्या, पल्पू राहिले. कुंपणाबाहेरच्या दगडावर ती आशाताई बसली. तिचे नाव कोणत्याही ग्रंथात येणार नाही.

आपले मंडळ पन्नास वर्षांपूर्वी कशासाठी निघाले? नाटके आणि गणेशोत्सव यांसाठी, हे खरेच. पण त्याच्याही आधी, परक्या शहरात उतरलेल्या एकट्या मराठी माणसाला ‘बरा आहेस ना?’ असे न भिता विचारणारे कोणी असावे, यासाठी. म्हणून समारोप करताना माझी एक साधी सूचना आहे. पुढील वर्षापासून मंडळाने स्वयंसेवकांची एक नोंदवही ठेवावी. या शहरात आजारी पडलेल्या, सोबत कोणी नसलेल्या माणसाजवळ जो रात्र काढू शकेल, इस्पितळात डबा पोचवू शकेल, कन्नडमधून डॉक्टरांशी बोलू शकेल, त्याने तीत आपले नाव लिहावे. आणि त्या वहीत मदत मागणाऱ्याच्या नावापुढे त्याची मातृभाषा विचारणारा रकाना नसावा. आपणही येथे आलो तेव्हा या शहराने आपल्याला तो रकाना भरावयास लावला नव्हता.

पहिल्या ओळीत माझे नाव मी आजच लिहून जात आहे.